लोड घेतला की बोटीचं मशीन तापतंय? हेड उतरवायच्या आधी पाण्याची वाट तपासा

दाभोळहून एका दादांनी विचारलंय. ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचं साधारण १०० हॉर्सपॉवरचं डिझेल मशीन, हीट एक्सचेंजरवालं, म्हणजे मशीनमधलं गोडं पाणी नळ्यांच्या पलीकडून समुद्राच्या खाऱ्या पाण्याने थंड होतं. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यापासून त्रास सुरू झालाय. खाडीतून हळू बाहेर पडताना टेम्परेचरचा काटा ७८-८० ला गप्प असतो, पण जाळं टाकून १७०० आरपीएमच्या पुढं गेलं की वीसेक मिनिटांत ९८ दाखवतो, आरपीएम कमी केला की परत खाली येतो. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक) नवा टाकलाय, जुन्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या निघाल्या. थर्मोस्टॅट काढून टाकलाय. फरक शून्य, आणि आता मेकॅनिक म्हणतोय हेड उतरवूया, गॅसकेट गेलं असणार.

दादा, हेडला आत्ता हात लावू देऊ नका. हेड उतरवलं की गॅसकेट, फेसिंग, बोल्ट, मजुरी सगळं आलं, ऐन सीझनमध्ये बोट आठवडाभर जेटीला, आणि तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यात गॅसकेटचं एकही पक्कं लक्षण मला दिसत नाहीये. गॅसकेट गेलेलं मशीन असं शहाण्यासारखं आरपीएम कमी केल्यावर थंड होऊन बसत नाही सहसा, ते पाणी फेकतं, हेडर टँकमध्ये (वरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत) बुडबुडे काढतं, थंड मशीन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून पांढरी वाफ सुटत राहते नाहीतर ऑइल दुधाळ होतं. यातलं काही नसेल तर हेड सगळ्यात शेवटी.

पहिलं काम, थर्मोस्टॅट परत बसवा. मला माहीत आहे की अख्ख्या किनाऱ्यावर मशीन तापलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे, पण बऱ्याचशा मशिनांत त्याने उलटं होतं. थर्मोस्टॅट नुसतं पाणी अडवत नाही, तो वाट बदलतो. मशीन थंड असताना गोडं पाणी बायपासमधून परत ब्लॉकमध्येच फिरतं, गरम झालं की थर्मोस्टॅट हीट एक्सचेंजरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत बायपास बंद करतो. तो काढलात की बायपास कायमचा उघडा, आणि पाण्याला जिकडून जायला सोपं तिकडूनच ते जाणार, म्हणजे बरंचसं गरम पाणी थंड न होताच परत मशीनमध्ये. हळू चालवताना कळत नाही, लोडवर कळतं. म्हणजे तुमचा मूळ दोष एक होता, आता कदाचित दोन झालेत.

जुना थर्मोस्टॅट फेकला नसेल तर तपासून घ्या, घरात करता येतं. टोपात पाणी, त्यात दोऱ्याने थर्मोस्टॅट लटकवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर, आणि गॅस बारीक. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो, ७१ किंवा ८२ किंवा जे काय असेल, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-बारा डिग्री वाढेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे, साधारण ८ मिलिमीटर तरी. अर्धवट उघडून थांबत असेल तर नवा घ्या, तोच आकडा असलेला. बसवताना त्याच्या कडेला जे छोटं भोक किंवा हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघून जाते.

दुसरं, काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सेन्सरची वायर गंजली, अर्थ ढिला झाला की डॅशवरचा काटा वाटेल ते दाखवतो. लेसरचा लाल ठिपका पडतो ती टेम्परेचर गन घ्या, महाग नाहीये आणि पुढचं सगळं निदान तिच्यावरच आहे. फक्त चकचकीत पितळ-तांब्यावर ती कमी आकडा दाखवते, म्हणून जिथं मोजायचं तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकली ती सांगतो. इंपेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या निघाल्या असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन पाकळ्या मिळाल्या का? मिळाल्या नसतील तर त्या समुद्रात गेलेल्या नाहीत, त्या अजून तुमच्या मशीनमध्येच आहेत. पंपातून सुटलेला रबराचा तुकडा खाऱ्या पाण्याबरोबर पुढं जातो आणि पहिल्या बारीक जागेत अडकतो. बऱ्याच फिटिंगमध्ये खारं पाणी पंपातून आधी गिअर ऑइल कूलरला, मग इंजिन ऑइल कूलर असेल तर त्याला, आणि मग हीट एक्सचेंजरला जातं, म्हणजे पहिला संशयित गिअर ऑइल कूलरच. त्याचा पाणी आत जाणारा होज काढा, बॅटरी मारून आत बघा. आतमध्ये नळ्यांची तोंडं मधाच्या पोळ्यासारखी दिसतात आणि त्यांच्यावर काळा रबराचा तुकडा आडवा चिकटलेला असतो, त्याच्या भोवती माशांचे खवले, शेवाळ, प्लास्टिकचे धागे, शिंपल्यांचा चुरा असं सगळं साचून अर्धं तोंड बंद. वाकड्या तोंडाच्या पकडीने किंवा तारेच्या हुकाने बाहेर ओढून काढा, पुढं ढकलू नका. मग जुना इंपेलर समोर ठेवा आणि तुकडे जोडून बघा, दोन्ही पाकळ्या पूर्ण झाल्या पाहिजेत. अर्धी कमी असेल तर ती अर्धी पुढं हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी आहे. तिथलं झाकण उघडल्यावर झिंकचे (नळ्यांऐवजी स्वतः गंजावं म्हणून बसवलेल्या जस्ताच्या कांडीचे) तुटलेले तुकडेही मिळतील, ते पण असेच तोंडाशी बसतात.

तुमचं लक्षण या एका गोष्टीशी तंतोतंत जुळतं. वाट अर्धी बंद असली तरी हळू चालताना लागणारं थोडं पाणी त्यातून निघून जातं, लोडवर जेव्हा दुप्पट-तिप्पट पाणी लागतं तेव्हा ते मिळत नाही. आणि बंदीनंतर सुरू झालं हेही जुळतं. १ जून ते ३१ जुलै बोट उभी, इंपेलरच्या पाकळ्या दोन महिने एकाच बाजूला दुमडून बसलेल्या, रबर कडक झालेलं, ऑगस्टमध्ये पहिल्यांदा स्टार्टर मारला की त्याच पाकळ्या मुळाशी तुटतात. पुढच्या मेअखेर बोट वर घेताना इंपेलर काढून ठेवा आणि किल्लीला चिठ्ठी बांधा की इंपेलर काढलाय, म्हणजे कुणी तसंच मशीन मारणार नाही.

पंप उघडलाच आहात तर त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. गोल चर नखाला लागत असेल तर पाणी तिथूनच मागे गळतंय, नवा इंपेलर टाकूनही पंप पूर्ण ओढणार नाही. बाहेरची बाजू सपाट असेल तर झाकण उलटं करून बसवता येतं. नव्या इंपेलरला ग्रीस लावू नका, बहुतेक इंपेलर ज्या रबराचे असतात ते ग्रीसने फुगतं, ग्लिसरीन लावा नाहीतर साबणाचं पाणी.

पंपाच्या आधीची वाट राहिली, ती तितकीच महत्त्वाची. सी-कॉकचा, म्हणजे तळातून खारं पाणी आत घेणाऱ्या कॉकचा, दांडा उघडा दिसतो म्हणून आतला गोळा उघडा असेलच असं नाही, दांड्याचा चौकोन झिजला की दांडा फिरतो आणि गोळा जागेवर राहतो. स्ट्रेनर (खाऱ्या पाण्याची गाळणी) रोज साफ करत असाल, पण त्याच्या झाकणाचं रबर बघा, ते सुकलं असेल तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, बाहेरून एक थेंब गळणार नाही तरी आत पाणी कमी. ओळखायचं असेल तर पंपाच्या आधी हातभर पारदर्शक होज लावून बघा, लोडवर बुडबुड्यांची रांग दिसली की हवा येतेय.

सक्शनचा होज जाळीचा नुसता रबरी टाकलेला असेल तर तोही आतून बसतो. आत स्प्रिंगची तार असलेला होजच पाहिजे तिथे. साधा होज उन्हाने, गरमीने मऊ झाला की जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो, आरपीएम उतरला की परत गोल, त्यामुळे जेटीला उभं राहून बघणाऱ्याला तो चांगलाच वाटतो. माणूस मशीनजवळ बसवा, लोडवर हात लावून बघायला सांगा, बेल्ट आणि शाफ्टपासून लांब राहून. तसंच तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी येऊन चिकटते, मशीन चालू असेपर्यंत घट्ट, बंद केलं की सुटून वाहून जाते, आणि मग कितीही शोधा काही सापडत नाही. वाशिष्ठीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर गढूळ पाणी असतंच, सुकतीला कमी पाण्यातून बोट काढली की गाळही ओढला जातो, आणि दोन महिन्यांत पाण्याच्या तोंडाच्या आत बार्नॅकल (चिकटून बसणारे कडक शिंपले) चढतात ते बाहेरून रंग मारणाऱ्याला दिसत नाहीत. ओहोटीला बोट कोरडी पडली की स्क्रूड्रायव्हर घालून आतून खरवडून घ्या.

आता मोजमाप. लोक म्हणतात पाणी चांगलं पडतंय बाहेर, पण चांगलं म्हणजे किती? साधा हिशोब करून बघा. १०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७५ किलोवॅट, फुल लोडवर गार करणाऱ्या पाण्यात जाणारी उष्णता अंदाजे ५० किलोवॅट धरा. खारं पाणी आत येतं त्यापेक्षा १० डिग्री जास्त गरम होऊन बाहेर पडावं असं धरलं तर सेकंदाला सव्वा लिटर, म्हणजे मिनिटाला ७५ लिटर पाणी फिरलं पाहिजे. ढोबळ आकडा आहे, मशीनच्या पुस्तकात दिलेला असेल तर तोच खरा. २० लिटरची बादली डिस्चार्जखाली धरायची, जाळं ओढताना असतो त्याच आरपीएमला, आणि मोबाईलवर वेळ लावायची. १५-१६ सेकंदांत भरली तर पाणी पुरतंय, ३० सेकंद लागले तर तुमचा रोग सापडला, थर्मोस्टॅट-गॅसकेट सगळं विसरा आणि खाऱ्या पाण्याची वाट पुन्हा पहिल्यापासून बघा. जेटीला बांधून आरपीएम वाढवणार असाल तर गिअर न्यूट्रल, पंप मशीनवरच फिरतो त्यामुळे आकडा तोच येतो.

बादलीत पाणी पूर्ण आलं तरी तापतंय, असं झालं तर गन काढा. समुद्रात, जाळं ओढताना, काटा चढल्यावर हीट एक्सचेंजरच्या चार तोंडांवर मोजा: खारं पाणी आत, खारं बाहेर, गोडं आत, गोडं बाहेर. चारही आकडे लिहून ठेवा, कारण नुसतं गरम आहे म्हटल्याने काही कळत नाही, फरकांवरून कळतं. आपल्याकडे समुद्राचं पाणी एप्रिल-मेमध्ये ३० च्या आसपास असतं, हिवाळ्यात त्याहून थोडं कमी. खारं पाणी आत ३० आणि बाहेर ५२-५५ येत असेल तर पाणी कमी आहे, थोड्या पाण्यावर सगळा भार पडतोय. खारं पाणी ३० चं ३४ होऊन निघतंय, बादलीही भरतेय, आणि गोडं पाणी मात्र ९५ ने आत जाऊन ९२ ने बाहेर, तर उष्णता नळ्यांच्या भिंतीतून पलीकडे जातच नाहीये, आत थर बसलाय. गोडं पाणी ९५ ने आत आणि ६५ ने बाहेर, म्हणजे एक्सचेंजर त्याचं काम करतोय पण गोड्या पाण्याचा वेग कमी आहे, तेव्हा फिरवणारा पंप, त्याचा बेल्ट, थर्मोस्टॅट, नाहीतर हवा अडकलेली. आणि पाणीही पुरेसं, दोन्हीकडचे फरकही नेहमीपेक्षा मोठे, तर मशीनच जास्त उष्णता बनवतंय, म्हणजे लोड. या चार आकड्यांनी जेवढा खर्च वाचतो तेवढा दुसऱ्या कशाने वाचत नाही, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय.

थर बसला असेल तर सफाई. खारं पाणी ६० च्या आसपास गेलं की त्यातले क्षार नळ्यांत झपाट्याने बसायला लागतात, म्हणजे एकदा पाणी कमी पडून मशीन तापलं की त्या तापण्यानेच थर वाढतो आणि पुढच्या वेळी ते लवकर तापतं. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, झिंक काढा, शक्य असेल तर नळ्यांचा गठ्ठा बाहेर घ्या. नळ्यांतून लाकडी किंवा पितळी काडी घाला, लोखंडी सळई नको, तिने नळी चिरते. मग गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड, १० लिटरला अर्धा ते एक किलो, त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. बाजारात मिळणारं संडास साफ करायचं तेजाब वापरणारे खूप आहेत, ते काम लवकर करतं पण नळ्याही खातं, आणि एक्सचेंजरची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर तिची वाट लावतं, त्यामुळे माझा त्याला विरोध आहे. कुठलंही ॲसिड असो, चष्मा-हातमोजे घाला, पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडमध्ये पाणी ओतू नका, आणि बंद इंजिन रूममध्ये नको, डेकवर करा. बसवताना ओ-रिंग नव्या. झिंक अर्धं खाल्लं गेलं की बदलायचं, पूर्ण संपायची वाट बघितली तर मग नळ्या खाल्ल्या जातात.

नळीला भोक पडलं असेल तर ते वेगळंच दुखणं. हेडर टँकमधलं पाणी रोज कमी होतं, बाहेर कुठंही गळत नाही, कारण मशीन गरम असताना दाबाने गोडं पाणी खाऱ्यात जातं आणि समुद्रात निघून जातं. चाखून बघायला जाऊ नका, कूलंट विषारी असतं. गठ्ठा काढून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या.

हेडर टँकचं झाकण हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यावर ७ पीएसआय वगैरे लिहिलेलं असतं, तेवढा दाब टिकला तर साधं पाणी १०० ऐवजी ११० च्या आसपास उकळतं. रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर पडतं, लेव्हल खाली जाते, हवा शिरते. आणि विहिरीचं पाणी भरत असाल तर बंद करा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

लोडकडे कुणी बघत नाही पण ट्रॉलरमध्ये ते फार मोठं कारण आहे. जाळं न टाकता मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल मारा. मशीनचा जो रेटेड आरपीएम आहे तिथपर्यंत काटा पोचला पाहिजे. दोनशे आरपीएम कमी पडतायत आणि काळा धूर येतोय तर मशीन दबलंय: तळ घाण आहे, किंवा पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर-जाळं गुंडाळलंय, किंवा पंखाच मोठा बसलाय. बंदीत पंखा बदलला किंवा पाती ठोकून पिच वाढवली असेल तर ते नक्की लिहा. आणि जास्त ओढ मिळावी म्हणून फ्युएल पंपाचं डिझेल वाढवून घेतलं असेल तर तेही लिहा, वाढवलेल्या डिझेलची उष्णता त्याच जुन्या एक्सचेंजरलाच बाहेर काढायची असते आणि तो तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. एअर फिल्टर आणि इंजिन रूमची हवा बघा, पावसासाठी झाकलेलं हॅच तसंच बंद राहिलेलं असतं.

हे सगळं होईपर्यंत समुद्रात जाणार असाल तर काय करायचं ते तांडेलला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) आणि खलाशांना आधीच सांगून ठेवा. काटा ९० च्या वर गेला की आरपीएम उतरवून न्यूट्रल, आणि पहिली नजर डिस्चार्जवर. पाणी पडत असेल तर मशीन लगेच बंद न करता आयडलला ठेवा, पाणी फिरत राहिलं तरच आतली उष्णता निघते. पाणी अजिबात पडत नसेल तर ताबडतोब बंद, नांगर टाका. हेडर टँकचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही, वाफेने तोंड-हात भाजून निघतात, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर फडकं ठेवून आधी अर्धा आटा फिरवा. तापलेल्या मशीनवर किंवा रिकाम्या झालेल्या टँकमध्ये समुद्राचं गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो, आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागेल. बोटीवर एक जादा इंपेलर, एक बेल्ट, दोन-चार क्लॅम्प आणि २० लिटर गोडं पाणी कायम ठेवा. मशीन बंद पडून बोट वाहायला लागली आणि जवळ दुसरी बोट नसेल तर व्हीएचएफ चॅनल १६, आणि मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. अंधार पडायची वाट बघू नका त्यासाठी.

आता तुम्ही एवढं करा दादा: थर्मोस्टॅट बसवा, गिअर ऑइल कूलरचं तोंड उघडून पाकळ्या शोधा, बादली किती सेकंदांत भरली ते आणि चार टेम्परेचर लिहून पाठवा. मेकॅनिकला तोवर थांबायला सांगा, आणि ते आकडे त्यालाही दाखवा, त्याच्यासमोर मोजलेत तर अजून बरं.